जगतो म्हणून कसाही ठेवायचा?

गेल्या रमजान ईदला मुरबाडच्या भाच्याला ईदी म्हणून मी दोन मासे दिले. गोल काचेचं भांडं, तळाशी निळे खडे आणि त्यात दोन इवलेसे मधाच्या रंगाचे गौरामी. दुकानदार म्हणाला होता, "एकदम चिवट मासा आहे. हवेचं मशीनसुद्धा लागत नाही." मी खूश झालो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत एसटीने मुरबाड गाठलं. मांडीवर भांडं आणि डोळ्यांसमोर भाच्याचा आनंद.

पाचव्या दिवशी बहिणीचा फोन आला. "भाईजान, एक मासा मेला. रोज सगळं पाणी बदलत होते, तरी मेला." मागून भाच्याचा आवाज आला, "मामू, माझ्यामुळे मेला का?"

मी सांगितलं, "नाही बेटा, तुझ्यामुळे नाही." ते खरंच होतं. तो माझ्यामुळे मेला होता, पण हे त्याला सांगायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही. म्हणून आज हे लिहितोय.

या माशाचं दुर्दैव त्याच्या गुणातच आहे. गौरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याच्या मदतीने तो पाण्यावर तोंड काढून थेट हवा घेतो. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या संथ, उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यातला हा मासा. तिथे उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून अल्लाहने त्याला ही सोय दिली. आपल्याकडच्या भातखाचरांतली, ओढ्यांतली मरळही अशीच वरची हवा घेऊन तग धरते. संकटात जगण्यासाठी मिळालेली ही सोय बाजाराने जाहिरात करून टाकली : पंप नको, फिल्टर नको, मोठी टाकी नको.

पण श्वास वरून घेता आला तरी अंग त्याच पाण्यात असतं. माशाची घाण आणि उरलेलं अन्न यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो कल्ले जाळतो. मोठ्या, जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्याहून खूपच सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या भेटीला चार दिवसही झाले नव्हते. त्यात बहीण रोज नळाचं ताजं पाणी भरत होती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि रोज बदलणाऱ्या तापमानाचा धक्का वेगळाच. तिने जीव लावला, पण कसा लावायचा हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. तिथे बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. आणि त्याआधी घरी गोठा असतो, वैरण असते. गोठा नसताना बैल घेऊन आलेल्या माणसाला गाव वेड्यात काढील. मासा मात्र आपण आधी आणतो आणि मग त्याला ठेवायचं कुठे याचा विचार करतो. बैल हजारोंचा आणि मासा पन्नास-शंभर रुपयांचा, एवढाच काय तो फरक. मेला तर दुसरा आणू. जिवाची किंमत आपण पावतीवरून ठरवतो.

मासे पाळणं जायज आहे का, असंही काही जण विचारतात. मी आलिम नाही. पण अबू उमैर नावाच्या लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी त्याची आपुलकीने विचारपूस केली, ही हदीस आपण ऐकलेली असते. त्यावरून अनेक जाणकारांनी पक्षी पाळायला हरकत नाही, असा अर्थ काढला. दुसरी हदीस मांजर कोंडणाऱ्या बाईची. तिने त्या मांजरीला खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला सोडलंही नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली. मला या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्याशा वाटतात. पाळायला मुभा आहे, पण कोंडलेल्या जिवाचा हिशेब आपल्याच खात्यावर लिहिला जातो. मांजर निदान ओरडते. मासा ओरडतही नाही.

आता शहापूरचा खरा प्रश्न. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे माशांचे लाड कशाला? हा टोमणा मी ऐकला आहे आणि तो चुकीचा नाही. तानसा धरण १८९२ सालचं, नंतर भातसा झालं. दोन्ही आमच्या तालुक्यात आणि दोन्हींचं पाणी मुंबईला. कसाऱ्याकडच्या पाड्यांवर मात्र एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन उभ्या. अशा ठिकाणी काचपेटीबद्दल बोलताना लाज वाटलीच पाहिजे.

तरी हिशेब मांडू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत सुमारे सत्तर लिटर पाणी मावतं. ते एकदाच भरायचं. त्यानंतर आठवड्याला पाचवा हिस्सा बदलायचा, म्हणजे एक बादली. काढलेलं पाणी झाडांना खत म्हणून उत्तम. माझ्या अंगणातली मिरची आणि कढीपत्ता त्यावरच वाढतात. उलट ते लहान गोल भांडं रोज रिकामं करायचं म्हटलं, तर आठवड्याला याहून जास्त पाणी मोरीत जातं आणि मासाही मरतो. मात्र ज्या घरात पिण्याचं पाणीच टँकरचं आहे, त्या घराने हा शौक करू नये. माझं हे मत काही शौकिनांना आवडणार नाही, पण माणसाच्या हंड्याआधी माशाची बादली येऊ शकत नाही.

ज्यांना खरंच पाळायचे आहेत, त्यांनी एवढं करावं. महिनाभर आधी टाकी लावून फिल्टर सुरू करावा. फिल्टर संथ असावा, कारण जोराचा प्रवाह या माशाला सोसत नाही. वर तरंगणाऱ्या वनस्पती ठेवाव्यात. नर त्यांच्या आडोशाला लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंडी स्वतः राखतो. झाकण हवंच, कारण तो श्वास घेतो ती हवाही उबदार लागते. पाण्यावरची जागा कधी पूर्ण बंद करू नये. हवा घेता आली नाही तर हा मासा पाण्यातच गुदमरतो. नळाचं पाणी क्लोरीन घालवणारं औषध टाकूनच वापरावं. दिवसाला चिमूटभर खाणं, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. सोबतीला छोटे शांत रासबोरा चालतील, शेपट्या कुरतडणारे टायगर बार्ब नकोत. निळ्या-लाल पट्ट्यांचा ड्वार्फ गौरामी अधिक देखणा दिसतो, पण त्याचे दोन नर लहान टाकीत भांडतात आणि त्या जातीत औषध नसलेला एक विषाणूजन्य रोगही पसरला आहे. नवशिक्याने साधा हनी गौरामीच घ्यावा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने या माशाची नोंद केली तेव्हा नर आणि मादी त्याला दोन वेगळ्या जाती वाटल्या होत्या, एवढा नराचा रंग विणीच्या काळात पालटतो. गढूळ भांड्यात ठेवणाऱ्याला तो रंग कधी दिसणारच नाही.

आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, कधी रात्रभर. पंप थांबला की इतर मासे तडफडतात, गौरामी तेवढी रात्र काढतो. त्याच्या चिवटपणाचा हाच योग्य उपयोग. संकटाच्या रात्रीसाठी दिलेली ताकद आपण त्याच्याकडून रोज वसूल करू नये.

उरलेल्या माशाबद्दल भाचा म्हणाला, "मामू, याला काळू नदीत सोडू या. सवाब मिळेल." मन चांगलं होतं. पण दुकानातून आलेला मासा आपल्या नदीत रोग घेऊन जातो, किंवा स्वतःच मरतो, किंवा तगून इथल्या माशांच्या तोंडचं पळवतो. घरच्या टाक्यांतून सुटलेल्या सकर माशाने देशातल्या कितीतरी जलाशयांत कोळ्यांची जाळी खराब केली आहेत. वलगणीच्या माशांवर जगणाऱ्या पाड्यांना आपल्या पुण्याचा भुर्दंड का?

मग मी तो मासा डब्यात घालून शहापूरला आणला. ओळखीच्या एका शिक्षकांकडे जुनी, रुळलेली टाकी होती. दोन महिने तो तिथे राहिला, तोवर भाच्याची टाकी तयार झाली. गेल्या महिन्यात मासा परत मुरबाडला गेला, सोबत आणखी चार. भाच्याने भिंतीवर कागद चिकटवला आहे : शुक्रवार, एक बादली.

त्याच दिवशी मी त्याला खरं सांगितलं. "तो पहिला मासा माझ्यामुळे मेला, बेटा. मी न विचारता आणला होता." तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामू, पुढच्या ईदला कुणाला मासे देऊ नका हां."

मी कबूल केलं. तुम्हालाही तेवढंच सांगायचं आहे. ईद असो, वाढदिवस असो, जिवंत जीव पिशवीत बांधून भेट देऊ नका. ज्याला हवा असेल, तो आधी घर तयार करील आणि मग मासा स्वतः आणील.