हृदयरोगी श्रमिक स्त्रीला पुनर्वसन हवे

जबलपूरच्या विड्या मुख्यतः स्त्रियाच वळतात, त्याही घरात, तंबाखूच्या धुळीत बसून. अशा स्त्रीला हृदयविकाराचा झटका आला, तर २०१८ साली सुरू झालेल्या ‘आयुष्मान भारत’ योजनेतून, कार्ड असल्यास, इस्पितळातील उपचार व घरी परतल्यावर १५ दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो. परंतु देखरेखीखालील व्यायाम, आहार, तंबाखूमुक्ती व मानसिक आधार असे हृदय-पुनर्वसन साधारणतः १२ आठवड्यांचे असते. जगभर डॉक्टर स्त्रियांना त्यासाठी पुरुषांपेक्षा कमी प्रमाणात पाठवतात. ज्या जातात, त्यांनाही घरकाम व बुडणारी मजुरी मध्येच मागे खेचते. तेव्हा वस्तीतच, स्त्रियांच्या सवडीच्या वेळी चालणारी मोफत पुनर्वसन केंद्रे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई, ही मागणी विडी कामगार संघटनांनी शासनापुढे ठामपणे मांडली पाहिजे.