सर्व्हर दूर, खुलासा खिडकीवर

‘सर्व्हर डाऊन आहे.’ आरक्षणाच्या खिडकीवर असो की पोस्टाच्या काउंटरवर, हे वाक्य आपल्या साथींना किती वेळा बोलावे लागते ते त्यांनाच ठाऊक. सर्व्हर कुठल्या तरी शहरात, शिव्या मात्र खिडकीवरच्या माणसाला. आमच्या एका शाखेत गेल्या वर्षी खिडकी पाऊण तास बंद पडली. प्रवाशाने तक्रार केली आणि खुलासा मागितला गेला तो बुकिंग क्लार्ककडून!

संगणकाला आमचा विरोध नाही. पुठ्ठ्याच्या तिकिटांच्या काळात आम्ही नोकरीला लागलो. १९८५ साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद अशी पाच केंद्रे उभी राहून एकमेकांना जोडली गेली. रांगा कमी झाल्या, हे आम्ही मान्य करतो. प्रश्न यंत्राचा नाही, त्याच्या देखभालीचा आहे.

ओळखीच्या एका तरुण सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरने हे प्रकरण आम्हाला समजावून दिले. पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असे. आता एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात दहा-वीस सर्व्हर चालवतात. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. डिस्कही सर्व्हरमध्ये न ठेवता नेटवर्कने जोडलेल्या सामाईक कपाटात ठेवतात. वीज वाचते, जागा वाचते. एक यंत्र पडले तर त्यातली कामे शेजारच्या यंत्रावर काही मिनिटांत उभी राहतात. मात्र शेजारी तेवढी ताकद मोकळी ठेवलेली हवी. आणि दोघांची माहिती एकाच कपाटात असेल तर कपाट गेले की दोघेही गेले. एक डिस्क बिघडली तरी बाकीच्या काम निभावतात, पण चुकून पुसलेली नोंद सगळीकडूनच पुसली जाते. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी.

कर्जतहून घाट चढताना १:३७ च्या चढावर गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. बँकर शेडमध्ये आणि कागदावर मात्र ‘लावला’, असे कोणी चालवून घेईल काय? संगणकखोलीत ते खुशाल चालते, कारण तिथला चढ कोणाला दिसत नाही.

दक्षिण कोरियात हेच घडले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. त्यांत टपालसेवा आणि टपाल बँकही होती, तीही ऐन सणाच्या तोंडावर. सरकारी नोकरांच्या फायली जिथे साठवल्या जात, त्या सामाईक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती जळाली. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती! बॅटऱ्यांची मुदतही उलटून गेली होती. पोलिसांनी सुरुवातीला ज्यांच्यावर गुन्हे नोंदवले, त्यांत कंत्राटदाराकडची माणसे होती. यंत्रणा पूर्ववत करण्याच्या कामावर असलेल्या एका अधिकाऱ्याचा ३ ऑक्टोबरला इमारतीवरून पडून मृत्यू झाला. तोही पगारी नोकरच.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये टपाल खात्याची सुमारे १ लाख ६५ हजार कार्यालये नव्या प्रणालीवर आणली गेली. ती सरकारच्या मेघराज क्लाउडवर चालते. रेल्वेनेही २०२५ मध्ये जाहीर केले, की आरक्षणाची क्षमता मिनिटाला ३२ हजार तिकिटांवरून दीड लाखावर नेणार. वेग वाढावा, आम्हालाही तो हवाच आहे. पण दुसरी प्रत कोणत्या गावात आहे? ती उघडून पाहिल्याला किती दिवस झाले? रात्रपाळीला तिथे खात्याचा प्रशिक्षित माणूस असतो, की कंत्राटाची मुदत मोजणारा पोरगा? (त्या पोराचा दोष नाही, त्याला युनियनही नाही.)

प्रत्येक बंदची वेळ व कारण केंद्रानेच लेखी कळवावे आणि तेवढ्या वेळाचा खुलासा खिडकीवरील कर्मचाऱ्याकडून मागू नये, हा विषय आम्ही पुढच्या पी.एन.एम. बैठकीसाठी पाठवला आहे. त्याला पुरावा लागेल. शाखा सचिवांनी खिडकी कधी बंद पडली, कधी सुरू झाली याची वही ठेवावी आणि महिनाअखेर तिची नक्कल आमच्याकडे धाडावी. टपाल विभागातील साथींनीही तशीच वही ठेवली तर दोन्हीकडची बेरीज एकत्र मांडता येईल.