सेनापती नंतर, आधी तक्ता वाचा

अमेरिकन यादवी युद्धातल्या एखाद्या लढाईवरचं जाडजूड पुस्तक उघडलं, तर शेवटी बहुधा काही पानांचं एक परिशिष्ट असतं. कोणती कोअर, तिच्यात कोणत्या डिव्हिजन, त्यांत कोणत्या ब्रिगेड, त्यांत कोणत्या रेजिमेंट, आणि कुठे कोण अधिकारी. इंग्रजीत याला ‘ऑर्डर ऑफ बॅटल’ म्हणतात. बहुतेक वाचक ही पानं न वाचताच पुस्तक मिटतात. नकाशावर बाण सरकवणारे यूट्यूबचे व्हिडिओ तर तिथवर पोचतच नाहीत. त्यांना ली आणि ग्रँट असे दोन बुद्धिबळपटू मिळाले की पुरे. माझं म्हणणं असं, की हे युद्ध कोणाच्या जिवावर आणि कोणाच्या सोयीने लढलं गेलं, ते सेनापतींच्या चरित्रांपेक्षा या रटाळ तक्त्यात जास्त उघड लिहिलेलं आहे.

तळापासून बघू. कागदावर रेजिमेंट म्हणजे शंभर-शंभर माणसांच्या दहा कंपन्या, एकूण सुमारे हजार. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गला पोचेपर्यंत पुष्कळ रेजिमेंटांत तीनशे-चारशेच माणसं उरली होती. मग नवी भरती त्यांच्यात का नाही केली? कारण उत्तरेत रेजिमेंट उभारायची राज्याने आणि कर्नल नेमायचा गव्हर्नरने. जुन्या रेजिमेंटमध्ये पाचशे पोरं पाठवली तर गव्हर्नरच्या हाती वाटायला काही उरत नाही. नवी काढली तर एक कर्नल, एक लेफ्टनंट कर्नल, एक मेजर, दहा कॅप्टन, एवढ्या जागा मोकळ्या होतात. महामंडळांवरच्या नेमणुका पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. विस्कॉन्सिनने आपल्या जुन्या रेजिमेंटा भरत्या ठेवल्या, त्याचं शर्मनने कौतुक केलं. बाकी बऱ्याच ठिकाणी मुरलेले शिपाई झिजत गेले आणि शेजारी नवखे शिपाई नवख्याच अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभे राहिले. त्यापायी जे मेले, त्यांचा हिशेब इतिहासात ‘डावपेच’ या खात्यावर मांडला जातो.

आता वरच्या चौकटी. गेटिसबर्गला उत्तरेच्या मीडकडे पायदळाच्या सात कोअर होत्या, दक्षिणेच्या लीकडे फक्त तीन. म्हणजे लीची एकेक कोअर जवळजवळ दुप्पट मोठी, आणि त्याचा सगळा हुकूम तीन माणसांच्या तोंडून खाली जाणार. मे महिन्यात स्टोनवॉल जॅक्सन मेल्यावर त्याने दोनाच्या तीन कोअर केल्या होत्या. त्यातले युवेल आणि हिल कोअर चालवायला अगदी नवे. लीची सवय मात्र जुनीच: मोघम हुकूम द्यायचा, बाकीचं हाताखालच्याने ओळखायचं. जॅक्सन ओळखायचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी युवेलला सांगितलं, जमत असेल तर टेकडी घ्या. त्याला जमेलसं वाटलं नाही.

पुढे खापर फुटलं युवेलवर, आणि त्याहून जास्त लाँगस्ट्रीटवर. लाँगस्ट्रीट युद्धानंतर रिपब्लिकन पक्षात गेला होता, हा त्याचा दक्षिणी लेखकांच्या लेखी खरा गुन्हा. ली निर्दोष राहिला, कारण त्याचा पुतळा उभारायचा होता. पण आपली माणसं बदलली तरी हुकूम द्यायची पद्धत न बदलणारा सेनापती लीच होता.

समोर मीड. त्याला सूत्रं मिळून तीनच दिवस झाले होते. उत्तरेकडे सैन्याचा प्रमुख आणि कोअरचे प्रमुख सगळे एकाच हुद्द्याचे, मेजर जनरल. म्हणजे सेवाज्येष्ठतेची भांडणं ठरलेली. पहिल्याच दिवशी रेनॉल्ड्स पडला, तेव्हा मीडने मैदानाचा ताबा ज्येष्ठ हॉवर्डला डावलून कनिष्ठ हॅन्कॉकला दिला. तो अधिकार वॉशिंग्टनने त्याला आधीच देऊन ठेवला होता. हॉवर्ड चिडला, पण फळी टिकली. यावर चित्रपट कोण काढणार?

नेतृत्वाला किंमत नाही असं मी म्हणत नाहीये. पण चौकटी कोण आखतो ते पाहा. पीटर्सबर्ग, ३० जुलै १८६४. पेनसिल्व्हेनियाच्या खाणकामगार शिपायांनी शत्रूच्या तटाखाली बोगदा खणून बारूद भरली होती. स्फोटानंतर सगळ्यात पुढे जायचं होतं बर्नसाइडच्या नवव्या कोअरच्या चौथ्या डिव्हिजनने. हे कृष्णवर्णीय सैनिक होते, त्या कोअरमधले सगळ्यात ताज्या दमाचे. आदल्या दिवशी मीडने ते रद्द केलं, ग्रँटने त्याला दुजोरा दिला. बेत फसला तर काळ्यांना मरायला पुढे ढकललं असं लोक म्हणतील, ही धास्ती. मग उरलेल्या तिघा डिव्हिजन-प्रमुखांत चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं लेडलीचं. त्याची माणसं खड्ड्याला वळसा घालण्याऐवजी खड्ड्यातच उतरून अडकली, आणि साहेब मागे आडोशाला दारू पीत बसले. सगळं बिघडल्यावर चौथ्या डिव्हिजनला आत सोडलं. शरण आलेल्या काळ्या सैनिकांनाही दक्षिणी शिपायांनी ठार केलं. त्या दिवशी नवव्या कोअरमध्ये सगळ्यात जास्त नुकसान याच डिव्हिजनचं झालं. मारायला आणि मरायला ती चालली; फक्त पहिल्या चौकटीत चालली नाही.

दक्षिणेच्या तक्त्यात तर याहून मोठी फट आहे. त्यात ब्रिगेडला सेनापतीचं नाव, तो गेल्यावरही पुष्कळदा तेच. पण लीच्या सैन्याबरोबर पेनसिल्व्हेनियात हजारो गुलाम होते: गाड्या हाकणारे, रांधणारे, घोडे सांभाळणारे, साहेबाची बोचकी वाहणारे. त्यांच्याशिवाय ते सैन्य चार मैल सरकलं नसतं. ते एकाही ओळीत नाहीत. हे युद्ध ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ झालं असं सांगणाऱ्याला मी ही कोरी जागा दाखवते. जोतीराव फुल्यांना पुण्यात बसून तिचा अर्थ कळला होता. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना, कुठल्या सेनापतीला नाही.

उत्तरेच्या तक्त्यात काळे सैनिक आले, सुमारे १,८०,००० जण. पण वेगळ्या रकान्यात, बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली, आणि १८६४ च्या जूनपर्यंत कमी पगारावर. डिसेंबर १८६४ मध्ये त्यांच्या रेजिमेंटा एकत्र करून पंचविसावी कोअर बनवली, आणि त्याच वेळी गोऱ्या रेजिमेंटांची चोविसावी. याला कोणी मान म्हणेल, कोणी वेगळी पंगत. दोन्ही खरंच आहे. पडलेल्या रिचमंडमध्ये ३ एप्रिल १८६५ ला शिरलेल्यांत पंचविसावीचे शिपाई होते. पुढच्या महिन्यात वॉशिंग्टनमध्ये विजयी सैन्यांचं दोन दिवस संचलन झालं. त्यात ही कोअर नव्हती. तिची रवानगी टेक्सासला, रिओ ग्रांदेच्या सरहद्दीवर झाली होती.