ताळेबंदात न दिसणारी संपत्ती

मुंबईत जमिनीचे मोल चौरस फुटांत होते आणि जिच्यावर इमारत नाही ती जमीन रिकामी समजली जाते. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे या समजुतीला चोख उत्तर आहे. सुमारे ३७ एकरांच्या या जागेवर एके काळी शहराचा कचरा पडत असे. १९८३ साली पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले झाड लागले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर माणसांनी उभे केलेले हे रान आहे.

परंतु उद्यानाची प्रकृती कुंपणाच्या आत ठरत नाही. मिठीतील सांडपाणी व प्लास्टिक माहीमच्या खाडीतील तिवरांच्या मुळांशी साचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा नदीचे पात्र आक्रसल्याची किंमत शहराने मोजली. जवळच १७३७ चा काळा किल्ला वस्तीच्या गराड्यात उपेक्षित उभा आहे. निसर्गाची व इतिहासाची हेळसांड येथे शेजारी शेजारी दिसते.

कारखानदार यंत्राची झीज दरसाल हिशेबात धरतो. उद्यानाची वा किल्ल्याची झीज मात्र कोणत्याच खात्यावर पडत नाही. सावली, गारवा, पक्ष्यांचा निवारा यांना बाजारभाव नाही, म्हणून त्यांचे मोल शून्य ठरते. तीच जमीन बांधकामाच्या नकाशात आली की कोटींची होते.

धारावीकरांना आधी घरे हवीत, झाडे नंतर, असा युक्तिवाद होऊ शकतो. घरांची निकड निर्विवाद आहे. पण ज्यांच्या वाट्याला एकच खोली येते, त्यांनाच मोकळ्या जागेची गरज सर्वाधिक असते; श्रीमंत आपला गारवा विकत घेऊ शकतात. पुनर्विकासातून उद्यान वगळल्याचे २०२३ साली उच्च न्यायालयात सांगण्यात आले, हे योग्यच झाले. तथापि वगळणे म्हणजे जोपासणे नव्हे.

खाडीच्या पाण्याची प्रत, तिवरांचा विस्तार, झाडा-पक्ष्यांची गणना आणि किल्ल्याच्या तटाची स्थिती यांचा ताळेबंद शासनाने दरवर्षी जनतेपुढे ठेवावा आणि झीज भरून काढण्यासाठी अंदाजपत्रकात निश्चित तरतूद करावी. ज्या संपत्तीची नोंदच नाही, ती गमावल्याचे शहराला कळणारही नाही.