गुण आला, पण कशाने?

मोहल्ल्यात हिजामाचे शिबिर झाले की खाला सांगतात, "कंबर मोकळी झाली." त्या खोटे बोलत नाहीत. पण कंबरदुखी मुळातच कमी-जास्त होणारी. आपण उपचाराला धावतो तेव्हा ती बहुधा शिगेला असते. पुढे थोडी उतरतेच. मग गुण हिजामाचा की दिवसांचा?

हा प्रश्न परका नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अबू बकर अल्-राझी यांनी सरसामच्या, म्हणजे मेंदूज्वराच्या, काही रुग्णांचे रक्त काढले, दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही आणि दोघांची तुलना केली. रक्त काढल्याने गुण येतो हा त्यांचा निष्कर्ष आज मानला जात नाही. तुलनेची रीत मात्र टिकली. इब्न सीना यांनीही 'अल्-कानून'मध्ये लिहून ठेवले, की औषधाचा परिणाम एकदा नव्हे, वारंवार दिसायला हवा.

जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले गेले. २००७ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना आराम पडला. चुकीच्या जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना पडला. गोळ्या व व्यायाम घेणाऱ्यांत हे प्रमाण २७.४ टक्के होते. म्हणजे आराम खरा होता, पण सुई कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी वेळ दिला, हात लावला, उमेद दिली, याचाही त्यात वाटा असणार.

आम्ही हिजामाच्या विरोधात नाही. फक्त घरात एक वही ठेवा. उपचाराच्या दोन आठवडे आधीपासून रोज रात्री लिहा: दुखणे दहापैकी किती, गोळ्या किती, झोप किती तास, सजदा करता आला का. नंतरही महिनाभर लिहा. एका वहीने उपचार सिद्ध होत नाही, पण आपल्याला खरेच फरक पडला का, हे तरी दिसते.

रक्तदाब आणि साखर मात्र 'बरे वाटते' यावर मोजू नका. दोन्ही वाढूनही माणसाला बरे वाटू शकते. त्यांची तपासणीच हवी आणि चालू गोळ्या किंवा इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा अंगात रक्त कमी असेल, तर हिजामाआधीही विचारावे.

शिफा अल्लाह देतो. वहीत खरे लिहिणे आपल्या हातात आहे.