आमचा घरात बसायचा ऋतू मे आहे

डिसेंबर लागला की वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मंडळींमध्ये दरवर्षी एक साथ येते. कुणी सांगतं, या हिवाळ्यात वीस पुस्तकं संपवणार. कुणी कादंबरीला हात घालणार असतं. आणि कुणी नवे बूट आणून रोज पाच किलोमीटर चालण्याची प्रतिज्ञा करतं. बहुतेक वेळा ही तिन्ही माणसं एकच असतात. मग संक्रांतीच्या सुमारास तोच माणूस विचारतो, "अगं, या सगळ्याचा समतोल कसा साधायचा?"

माझं मत सांगते. खानदेशात राहणाऱ्यांनी हा समतोल साधूच नये. निदान हिवाळ्यात तरी नाही.

मुळात हिवाळा म्हणजे पांघरुणात शिरून, चहाचा कप हातात धरून, जाडजूड पुस्तक वाचायचं हे चित्र आपलं नाहीच. ते बर्फाच्या देशांतून आलंय. तिथे बाहेर पडायची सोय नसते म्हणून माणसं शेकोटीपाशी बसून वाचतात. आमच्याकडे बाहेर पडायची सोय कधी नसते? मे महिन्यात. जळगावचा पारा 45 च्या पुढे गेला की अकरा वाजता रस्ते ओस पडतात, खिडक्यांना पडदे लागतात, कूलर घुरघुरत राहतो आणि माणूस घरात कोंडला जातो. युरोपातल्या माणसाचा जो जानेवारी, तो आमचा मे. आमचा घरात बसायचा, म्हणजेच वाचायचा, ऋतू मे आहे. मी लहानपणी धुळ्यात गरुड वाचनालयातून आणलेली जवळजवळ सगळी पुस्तकं उन्हाळ्याच्या दुपारीच वाचली. फरशीवर ओला पंचा टाकून, त्यावर पालथी पडून.

उलट इथला हिवाळा पाहा. पहाटे धुळ्याचा आकडा पेपरात निफाडच्या शेजारी येतो, ते खरं. पण दुपारी तीसच्या आसपास छान ऊन असतं. ज्वारी-हरभरा शेतात उभे असतात, हतनूरच्या जलाशयावर परदेशी पाहुणे पक्षी उतरलेले असतात, भरताची वांगी बाजारात आलेली असतात. असे दिवस वर्षाला जेमतेम नव्वद. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मार्चच्या होळीनंतर ऊन जे पकडतं ते पाऊस येईपर्यंत सोडत नाही. ज्या नव्वद दिवसांत डोकंही चालतं आणि पायही चालतात, ते दुसऱ्याची कादंबरी वाचण्यात घालवणं मला उधळपट्टी वाटते. वाचन मे-जूनला ढकलता येतं. चालणं ढकलता येत नाही. आणि लिहिणं? ते ढकलतच तर सहा वर्षं गेली माझी.

माझ्या कादंबरीचं अकरावं प्रकरण गेल्या हिवाळ्यापासून अडकलंय, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच. (मामा, प्रत्येक लग्नात विचारू नका.) यंदा त्यात एक नवी भर पडली. दिवाळीनंतरच्या रिपोर्टात साखर बॉर्डरवर आली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, म्हणाले तीन महिने रोज चाला, मग बघू. आमच्या घरात आजीचे पाय साखरेने गेले, वडिलांचे डोळे. त्यामुळे हे "मग बघू" मी हलक्यात घेऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. आकडा काही मोठा नाही. पण तो अर्धा तास नेमका कुठून काढायचा हा प्रश्न मोठा आहे, कारण माझ्याकडे स्वतःची म्हणावी अशी वेळ एकच आहे, पहाट. आणि कादंबरीलाही तीच हवी असते.

इथे लोक मला मोठमोठी उदाहरणं देतात. जपानचे हारुकी मुराकामी पहाटे चारला उठतात, पाच-सहा तास लिहितात आणि दुपारी दहा किलोमीटर धावतात किंवा पोहतात. धावण्यावर त्यांचं एक पुस्तकच आहे. मला ते आवडतं. पण त्यात डबा कोण भरतं ते काही लिहिलेलं सापडत नाही.

मग आपल्या भागातली उदाहरणं येतात. सानेगुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' 9 फेब्रुवारी 1933 ला सुरू केली आणि 13 फेब्रुवारीला पहाटे संपवली. पाच दिवस! आमच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी 'कोसला' लिहिली तीही अवघ्या काही आठवड्यांत, आणि 1963 मध्ये देशमुख आणि कंपनीने ती छापली. हे ऐकवून लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की तुला सहा वर्षं कशाला लागतात. पण एक माणूस कैदेत होता, दुसरा पंचविशीतला तरुण होता. दोघांनाही संध्याकाळी भाजी काय करायची हा प्रश्न नसावा. शिवाय याच नेमाड्यांची 'झूल' 1979 ची आणि त्यानंतरची कादंबरी 'हिंदू' 2010 ची, मध्ये एकतीस वर्षं. हे दुसरं उदाहरण कुणी देत नाही. मी मात्र फार उराशी धरून आहे.

खरं सांगायचं तर मला या बाबतीत सगळ्यात जवळचे वाटतात ते इतिहासाचार्य राजवाडे. कादंबरीकार नसले तरी. धुळ्याच्या माणसाला राजवाडे म्हणजे घरचेच. त्यांचं निधन धुळ्यात झालं, 31 डिसेंबर 1926 ला, ऐन थंडीत. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. आम्ही शाळेतून तिथे रांगेने गेलो होतो. जुनी दफ्तरं मिळवण्यासाठी या माणसाने गावोगाव पायपीट केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे 22 खंड उभे केले. कॉलेजातल्या दिवसांबद्दल त्यांनी लिहिलंय त्यात तालीम आणि पोहणं मोठ्या अभिमानाने येतं. नेमलेल्या पुस्तकांविषयी मात्र फारसं प्रेम नाही. आणि गंमत म्हणजे 1902 साली 'कादंबरी' या विषयावर मराठीतला एक जबरदस्त निबंध लिहिला तोही त्यांनीच. व्यायाम, वाचन, कादंबरीचा विचार, सगळं एका माणसात. त्यांनी समतोल वगैरे काही साधला नाही. कागद शोधायला चालले, चालून मिळालेले कागद वाचले, वाचलेल्यावर लिहिलं. तीन कामं नव्हतीच ती, एकच होतं.

अर्थात राजवाडे तरुणपणीच विधुर झाले आणि पुढे एकटेच राहिले. संसारी बाईला ते उदाहरण अर्धंच लागू पडतं. उरलेल्या अर्ध्यासाठी आसोद्याच्या बहिणाबाई आहेत. त्यांना वेगळा 'लेखनाचा वेळ' कधी मिळालाच नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढे काम चालू असताना ओव्या होत गेल्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून घेतल्या. त्या गेल्या 3 डिसेंबर 1951 ला आणि पुस्तक आलं 1952 मध्ये. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण बहिणाबाईंचं कौतुक करताना लोक हळूच एक सोयीचा निष्कर्ष काढतात, की बाईला वेगळी वेळ लागतच नाही, कामाकामात होतं तिचं सगळं. हे मला मान्य नाही. ओवी दळताना सुचते, डोक्यात राहते. तीनशे पानांची कादंबरी पोळ्या लाटताना डोक्यात मावत नाही. तिला दार लावून बसावं लागतं.

असो. मुद्दा पहाटेचा होता.

पहाट एकच आणि मागणारे दोन, तर ती द्यायची कुणाला? याचं उत्तर मला कॅलेंडरच्या मागच्या पानावर सापडलं, सूर्योदयाच्या रकान्यात. जूनमध्ये आमच्याकडे सहाच्या आत उजाडतं. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजून जातात. म्हणजे हिवाळा आपल्याला सकाळी तासाभराचा जास्तीचा अंधार देतो. बहुतेक लोक तो झोपेत घालवतात आणि मग दिवस लहान म्हणून रडतात. दिवस लहान आहे खरा, अकरा तासांच्या आतबाहेर. पण अंधार लांब आहे की! आणि अंधारात चालू नये हे माझं ठाम मत आहे. थंडीत पहाटे हवा जमिनीलगत साचून राहते. शेकोट्यांचा, जळत्या कचऱ्याचा धूर आणि रस्त्याची धूळ तिथेच तरंगत असते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून बीपीवाल्यांना डॉक्टर ऊन आल्यावर बाहेर पडा म्हणतात. शिवाय कुत्री. शिवाय एकटी बाई अंधारात, हेही आहेच. पुरुष मंडळी साडेपाचला कानटोपी घालून निघतात, त्यांना शौर्यपदक द्यायचं तर द्या. मी नाही जाणार.

तेव्हा अंधार कादंबरीला आणि ऊन पायांना. पाच ते साडेसहा लिहायचं, मग डबे, सातच्या पुढे मेहरूण तलावाला फेरी, नऊच्या आत शाळेत. यात वाचनाला जागाच नाही आणि मी ती मुद्दाम ठेवलेली नाही. रात्री दहा पानं, झोप येईपर्यंत, तीही दुसऱ्याची कादंबरी नको. प्रवासवर्णन, शेतीचं काहीतरी, जुनी गॅझेटियर. दुसऱ्याची चांगली कादंबरी रात्री वाचली की पहाटे माझी वाक्यं तिच्या चालीने चालायला लागतात. माझी एक मैत्रीण म्हणते, न वाचता लिहिणं म्हणजे विहिरीत पाणी न भरता उपसणं. पटतं मला. पण विहीर हिवाळ्यात भरते का? पावसाळ्यात भरते, हिवाळ्यात रब्बीला उपसायची असते. उपमा तिचीच, फक्त आमच्या शेतावर नेली.

हिशोबही करून ठेवलाय. रोज तीनशे शब्द. नव्वदातले पंधरा दिवस पाहुणे, सर्दी, लग्नं आणि ज्या दिवशी नळाला पहाटे पाणी येतं ते दिवस यांत जाणार हे गृहीत. राहिले पंच्याहत्तर. साडेबावीस हजार शब्द होतात. अडकलेली कादंबरी सुटायला तेवढे पुरतात. आणि रोज तीन-साडेतीन किलोमीटर धरले तर तेवढ्याच दिवसांत अडीचशे किलोमीटरच्या आसपास. जळगावहून धुळ्याला आईकडे जाऊन परत येऊन आणखी एकदा जाण्याइतकं. ते वाचून आई म्हणाली, एवढं चालतेस तर एकदा खरोखरीच ये की.

साहित्यिक कार्यक्रमांचं काय, असं कुणीतरी विचारेलच. संमेलनं, व्याख्यानमाला, पुस्तक प्रदर्शनं, सगळी याच नव्वद दिवसांत येऊन पडतात. अमळनेरला 1952 नंतर थेट 2024 च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय संमेलन भरलं, तेव्हा गेले मी. घराजवळ आलेल्या संमेलनाला न जाणं पाप झालं असतं. पण दरवर्षी, दर रविवारी नाही. लेखकाने लेखनाविषयी ऐकत बसणं हा चालण्याविषयी ऐकत बसण्यासारखाच प्रकार आहे. खुर्ची छान असते, साखर तेवढीच राहते.

एक गोष्ट मात्र हे सगळं लिहिताना टोचत राहते. "हिवाळ्यात बाहेर पडावं" हा सल्ला ज्यांना घर आहे त्यांचा. शेतपंपाला रात्रीची वीज असली की माझा चुलतभाऊ जानेवारीच्या रात्री दोन वाजता गव्हाला पाणी धरायला जातो, गुडघ्याइतक्या चिखलात. थंडी फार पडली की केळीची वाढ खुंटते म्हणून रावेर-यावलकडे बागांभोवती रात्री धूर करत माणसं जागतात. त्यांना मी व्यायामाचे फायदे सांगायला गेले तर ते हसतील, आणि हसावंच. माझ्या अकराव्या प्रकरणातला माणूस हाच पाणी धरणारा माणूस आहे. गेल्या वर्षी तो अडकला याचं एक कारण असं, की ती थंडी मला पुस्तकांतून ठाऊक होती, तळपायांतून नव्हती. यंदा भावाबरोबर एक रात्र शेतावर जायचं ठरवलंय. ती रात्र लेखनात मोजायची, चालण्यात मोजायची की वाचनात, हे मला सांगता येणार नाही. वहिनीचं म्हणणं, ती आजारपणात मोजावी लागेल.

रविवारचं अजून जमत नाही. रविवारी पऱ्हाटीवर वांगी भाजली जातात, वीस माणसांचं भरीत होतं, कळण्याच्या भाकरी थापायला मीच लागते, आणि तेलाचा तवंग पाहून डॉक्टरांचा चेहरा आठवतो. त्या दिवशी लिहिणं नाही, चालणंही शेतापर्यंतच. पण त्या वीस जणांत चार म्हाताऱ्या असतात, ज्यांच्याकडे जिनिंगच्या, दुष्काळाच्या, पळून गेलेल्या नवऱ्यांच्या गोष्टी असतात, आणि त्या फक्त वांगी सोलतानाच सांगतात. म्हणून रविवार मी हिशोबाबाहेर ठेवलाय. ज्यांना यायचं त्यांनी आदल्या दिवशी कळवा, वांगी त्या मापाने आणावी लागतात.