पांढरी चमक आणि कार्डावरचा रकाना

कर्करोग हा उतारवयाचा आजार, ही आपली समजूत इतकी पक्की आहे की तान्ह्या मुलाच्या डोळ्यातही तो होऊ शकतो, हे सुशिक्षित घरांतदेखील सहसा ठाऊक नसते. रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग बहुधा वयाच्या पाचव्या वर्षाआतच होतो. साधारण १६ ते १८ हजार जन्मांमागे एक, असे त्याचे प्रमाण आहे. भारतात दरवर्षी सुमारे १,५०० मुलांना तो होतो असा अंदाज आहे. आकडा लहान आहे, आणि लहान आकडे प्रशासनाच्या नजरेतून सहज निसटतात.

या आजाराचे पहिले लक्षण डॉक्टरांच्या आधी बहुधा आईलाच दिसते. विशिष्ट कोनातून प्रकाश पडला की बाहुली काळी न दिसता मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चमकते. कधी डोळा तिरळा होतो. मूल घाऱ्या डोळ्यांचे आहे, असे म्हणून घरचे निर्धास्त राहतात. परंतु घारेपणा बुबुळाचा असतो, ही चमक बाहुलीच्या आतून येते. तिचा दृष्ट लागण्याशी वा गरोदरपणी न पाळलेल्या ग्रहणाशी काहीही संबंध नाही. आरबी-१ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की हा कर्करोग होतो. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये याच आजाराच्या अभ्यासातून ‘दोन आघातां’चा सिद्धान्त मांडला. सुमारे ४० टक्के मुलांत पहिला आघात शरीरातील प्रत्येक पेशीत जन्मतःच असतो. म्हणून अशा मुलांच्या भावंडांचीही तपासणी जन्मापासून व्हावी लागते.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे: आधी जीव, मग डोळा, मग दृष्टी. गाठ लहान असेल तर लेसरने किंवा अतिशीत उपचाराने ती नष्ट करतात. मोठी असेल तर केमोथेरपीने आधी आक्रसवतात. काही गाठींवर किरणोत्सारी चकती डोळ्याच्या बाहेरून काही काळ बसवून ठेवतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ ची अशी चकती तयार केली असून २०२० पासून ती देशात वापरली जाऊ लागली. रोग फार वाढला असेल तर डोळा काढून कृत्रिम डोळा बसवावा लागतो. आईवडिलांना हा निर्णय असह्य वाटतो, आणि काही जण तेथूनच उपचार सोडतात. परंतु डोळ्याबाहेर पसरलेला हा कर्करोग प्राण घेतो. वेळेवर काढलेला डोळा तो प्राण वाचवतो.

मग उणीव कोठे आहे? २०१७ मध्ये निदान झालेल्या १५३ देशांतील ४,३५१ रुग्णांचा एक अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत निदानाचे मध्यक वय १४ महिने होते, गरीब देशांत ३० महिने. निदानावेळी रोग डोळ्याबाहेर पसरल्याचे प्रमाण श्रीमंत देशांत १.५ टक्के, तर गरीब देशांत ४९ टक्के. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एवढेच दिसते की येथे सर्वांत महाग गोष्ट औषध नसून विलंब आहे.

मी राहतो त्या बेंगळुरूत १८९६ पासूनचे मिंटो नेत्र रुग्णालय आहे, १९७३ पासूनची किडवाई कर्करोग संस्था आहे, आणि डॉ. भुजंग शेट्टी यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेले नारायण नेत्रालय आहे. याच नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी एक उपक्रम सुरू केला. प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन बाळांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात आणि दूर बसलेले तज्ज्ञ ती पाहतात. तज्ज्ञ गावोगावी नेता येत नसला तरी तपासणी नेता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाला. त्याच्या मूळ ३० आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, रेटिनोब्लास्टोमा नाही. वास्तविक दोन्ही एकाच तपासणीत ओळखू येऊ शकतात: अंधाऱ्या खोलीत ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्यात प्रकाश टाकून परतणारी झाक तांबूस आहे की पांढरी, हे पाहणे. काम मिनिटभराचे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना नवजात बालकापासून प्रत्येक नियमित भेटीत ती करण्यास सांगते. आपल्याकडे लसीकरणासाठी मूल दीड महिन्यापासून वारंवार आरोग्य केंद्रात येतच असते. लसीच्या तारखेशेजारी ‘डोळ्याची झाक’ असा ठळक रकाना हवा, असे माझे मत आहे. ज्याला रकाना असतो ते काम होते, हा सरकारी कामाचा जुना अनुभव आहे.

यावर आक्षेप घेतले जातील. कडेच्या लहान गाठी या तपासणीत सुटतात, हे खरे. निष्कारण धास्तीने काही मुले मोठ्या रुग्णालयात पाठवली जातील, हेही खरे. परंतु एका अनावश्यक फेरीचा खर्च आणि एका डोळ्याचा खर्च यांची तुलना करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. मुलाचे काही दुखले-खुपले की ‘गावी गेल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवू’ असे म्हणण्याची आपल्याला सवय असते. भाषेची अडचण आणि ओळखीचा अभाव, ही त्यामागची कारणे मला समजतात. परंतु ही पांढरी चमक दिवाळीच्या सुटीपर्यंत थांबत नाही. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एकदा जरी ती दिसली, तरी ज्या गावात आहात तेथील नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जा आणि बाहुली मोठी करून तपासणी करण्याचा आग्रह धरा.